पात्यावर चढणारे रंग

४ ऑक्टोबर

भाऊजी,

आशीर्वाद आहेतच, ते लिहिण्यात ओळ घालवत नाही. तुमचा पत्ता पोलादवाल्याकडून काढला. आधी देईना. "मी दोघांही भावांना माल घालतो, मला मध्ये घेऊ नका," म्हणाला. मी म्हटलं, मध्ये कोण घेतंय, तुम्ही कडेला उभे राहा आणि पत्ता तेवढा सांगा. हसला आणि सांगितला. समुद्राकाठी आहात म्हणे, कोळ्यांसाठी सुऱ्या घडवता. बरं वाटलं. आमच्याशी बोलणं सोडलंत तरी पोलादाशी सोडलं नाहीत.

घाबरू नका, परत या म्हणायला लिहीत नाहीये. तुमच्या दादांना या पत्राचं माहीत नाही, आणि तुम्हीही पोलादवाल्यापाशी बोलू नका. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही.

एक बारीकसं विचारायचं होतं. सुरीला तेलात विझवून पाणी पाजलं की ती पुन्हा मंद शेकताना पात्यावर जे रंग चढत जातात, त्यांचा क्रम काय? लग्न होऊन आले तेव्हापासून भट्टीशेजारच्या खोलीत म्यानं शिवतेय, पण रंग कधी नीट पाहिले नाहीत. माझं राज्य चामड्याचं: दाभण, मेणाचा दोरा आणि पाठदुखी. पोलाद तुम्हा भावांचं. आता वाटलं, आपल्यालाही माहीत असावं. सहज.

कारखाना आहे तसाच आहे. रंग नीट दिसावेत म्हणून भट्टीच्या खोलीचे पडदे ओढलेले, भर दुपारी तिथे संध्याकाळ असते. तापलेलं पातं तेलात शिरलं की धूर उठतो, छतापाशी घोटाळतो आणि माझ्या खोलीत येऊन चामड्यांवर बसतो. त्या धुरात बसून टाके घालताना कधी कधी वाटतं, मी जागी नाहीच, कुणाच्या तरी स्वप्नात शिवतेय. मग बोटाला दाभण लागतं.

गिऱ्हाइकंही तशीच. हरीण सोलायला, हाडांचा सांधा उकलायला, लाकूड फोडायला म्हणून हाताच्या मापाची, न मिटणारी, अखंड पोलादाची सुरी घडवून नेतात आणि घरी पार्सलची दोरी कापतात. परवा एकाने विचारलं, "अस्वल आलं तर चालेल ना ही?" हे म्हणाले, "अस्वलाला विचारून या."

दोन वर्षांपूर्वीच्या त्या दिवसाबद्दल काही लिहिणार नव्हते. पण ते न लिहिता पत्र पुढेच जाईना. तुमची ती पातळ सुरी दादांनी एका दाढीवाल्या शिकाऱ्यासमोर टेबलावरच्या लोखंडी शिकंज्यात अडकवली आणि वाकवत गेले, तेव्हा मी दारात उभी होते. मोडली तेव्हा आवाज मोठा झाला नाही, वाळकी काटकी मोडावी तेवढाच. "रानात कुणाच्या हातात हे झालं असतं तर?" एवढंच म्हणाले ते. तुम्ही तर तेवढंही बोलला नाहीत. शाळेत जात होतात तेव्हापासून तुमचा डबा मी भरला. त्या संध्याकाळी गेलात, तेव्हा डबा द्यायचंही सुचलं नाही मला.

ह्यांची तब्येत बरी आहे. हल्ली माझ्याकडे फारसे बघत नाहीत. पण इतक्या वर्षांनी कुठला नवरा बघतो!

रंगांचं तेवढं कळवा.

तुमची वहिनी


२२ ऑक्टोबर

भाऊजी,

उत्तर नाही. हरकत नाही, टपालवाला म्हातारा आहे, असं मी मनाला सांगते. टपालवाला चांगला तरणा आहे.

एक गंमत सांगते. आपल्याकडे एक बाई आली. डोंगरात शिकाऱ्यांना वाट दाखवते, थंडीभर वर राहते, स्वतःही शिकार करते, परवान्यापुरती. उन्हाने रापलेली, आवाज इतका हळू की दोघंही पुढे वाकून ऐकत होतो. मी तिला वाटाडीबाई म्हणते. तिला आपल्या जाड सुऱ्या दाखवल्या. तिने एकेक हातात घेतली आणि खाली ठेवली.

"छान आहेत," म्हणाली. "पण ह्या सुऱ्यांनी सोलायला गेलं की कातडं फाटतं. मला पातळ हवी. आणि मोडायला नको."

"दोन्ही हवं?" ह्यांनी विचारलं.

"वर दुकान नसतं ना," ती म्हणाली. "एकच सुरी बरोबर असते."

मग खडूने जमिनीवर आकार काढला तिने. पोट गोल, टोक किंचित उचललेलं, पाठ सरळ. भाऊजी, ती तुमचीच सुरी होती. तिला कुठून ठाऊक असणार, पण अगदी तीच. मी ह्यांच्याकडे पाहिलं. वाटलं, आता म्हणतील, भाजी चिरायची सुरी घ्या बाजारातून. हे खाली वाकले, बोटाने खडूच्या रेघेवरून हळूहळू गेले, टोकापर्यंत. आणि म्हणाले, "होईल. वेळ लागेल."

मुठीच्या मापासाठी तिच्या हातात ओल्या मातीचा गोळा दिला. "सुटून जाईल अशी भीती वाटते ती वस्तू धरता ना, तशी धरा." तिने डोळे मिटले आणि धरली. काय आठवलं असेल तिला, कोण जाणे. बोटं खोल रुतली होती. तो गोळा आता खिडकीत वाळतोय.

घरात बाकी ठीक. ह्यांचा खांदा दोनदा चौकटीला लागला. चहात साखरेऐवजी मीठ गेलं, मी न बोलता प्यायले. रंगांचं विसरू नका. आता जरा घाई आहे.

वहिनी


९ नोव्हेंबर

भाऊजी,

कार्ड मिळालं. ना मायना, ना सही. पण अक्षर ओळखीचं. मीच गिरवून घेतलं होतं. स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचलं:

"आधी फिकट पिवळा, जुन्या कागदाचा. मग पिकल्या गवताचा. मग तपकिरी, वहिनीच्या स्वेटरच्या विरलेल्या कोपराचा. मग वांग्याच्या सालीचा जांभळा. मग निळा. पाठीवर निळा येऊ द्यावा. धारेवर आला की उशीर झाला."

तो स्वेटर मी अजून वापरते. कोपर बघितलं आणि बसूनच घेतलं.

आता लपवत नाही. तुमच्या दादांचे डोळे चाललेत. नजरेच्या मधोमध डाग पडलाय, धुक्यासारखा. ज्या वस्तूकडे बघावं नेमकी तीच त्यात बुडते. कडेकडेचं तेवढं दिसतं, तेही फिक्कं. माझ्याकडे बघायचं असेल तर माझ्या कानापलीकडे बघतात. मी थट्टेवारी नेली होती ना, बघत नाहीत म्हणून? ते खरंच बघत असतात. डॉक्टरला मी विचारलं, भट्टीच्या उजेडाने झालं का? म्हणाले, तसंच काही सांगता येत नाही, वयाने होतं. परत येणार नाही एवढं मात्र नक्की.

घडाई अजून हाताने होते. ऐरणीवरचा आवाज ऐकून घण मारतात, पातं कुठे जाड राहिलं ते अंगठ्याला कळतं. अडतं रंगांपाशी. म्हणून ते म्हणाले, "तू माझ्याजवळ उभी राहा आणि काय दिसतं ते सांग." मला काय, चांदीसारखं दिसत होतं, मग एकदम निळं. मधलं सगळं माझ्यासमोर निघून गेलं. त्या सुरीची धार लोण्यासारखी मऊ निघाली. दुसरी तेलात घातल्याघातल्या 'टिक्' वाजली, तडा गेला. ह्यांनी बाहेर काढून कानाशी धरली, नखाने वाजवली आणि भंगारात टाकली. "तुझी चूक नाही," म्हणाले. चिडले असते तर बरं वाटलं असतं.

वाटाडीबाई कडाक्याची थंडी पडण्याआधी सुरी न्यायला येणार. त्यांनी हे काम का घेतलं ते विचारायची मला हिंमत होत नाही. ही सुरी जमली नाही तर भट्टी विझवायची असं त्यांनी ठरवलंय. तोंडाने बोलले नाहीत, पण कोळसेवाल्याला यंदा नको म्हणून सांगितलं.

पहिल्या पत्रात म्हटलं होतं, परत या म्हणणार नाही. आता म्हणते. या.

वहिनी


२८ नोव्हेंबर

भाऊजी,

तुमचं दुसरं कार्ड: "दादांनी सांगितलं तर बघेन." वाचून इतका राग आला की डाळ करपली. इकडे हे सांगणार नाहीत, तिकडे तुम्ही त्यांनी सांगितल्याशिवाय येणार नाही. मामंजींनी दोन सुऱ्या घडवल्या आणि म्यान एकच ठेवलं!

पण राग बाजूला ठेवून सांगते, कारण सांगण्यासारखं घडलंय.

मंगळवारी दुपारी आम्ही पडदे ओढले. तेलातून काढून, घासून उजळलेलं पातं ह्यांनी सांडशीत धरलं आणि पाठीला लालभडक सळई लावली. खोलीत तेवढाच उजेड. बाहेर रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. तो आवाजही फार लांबून, पाण्याखालून आल्यासारखा. मी पात्यावर वाकले.

"काय दिसतंय?"

"काही नाही. चांदी."

"थांब."

थांबले. मग पाठीकडून काहीतरी उमटायला लागलं. रंग म्हणावा असंही नाही, नुसता रंगाचा विचार.

"जुना कागद," मी म्हटलं.

ह्यांचा हात क्षणभर थबकला. "पुढे?"

"पाठीवर गवत. पिकलेलं. धारेवर अजून कागद."

"हे शब्द तुझे नाहीत," ते म्हणाले. "जुना कागद, पिकलं गवत असं बाबा सांगायचे. आम्हा दोघांना इथेच उभं करून."

  मला वाटलं, आता सांडशी टाकून देतील.

"पुढे सांग," ते म्हणाले. "रंग थांबत नसतात."

खरंच थांबत नव्हते. पाठीवर वांगं आलं, त्यामागून निळा, पहाटेच्या आभाळासारखा, आणि ते सगळं ओळीने धारेकडे सरकत होतं. इतकं सुंदर काही मी इतकी वर्षं भिंतीपलीकडे ठेवून जगले! मी बघतच राहिले आणि मग एकदम ओरडले, "स्वेटर! स्वेटर आला!"

"कसला स्वेटर?"

"माझा! कोपर! धारेवर! काढा लवकर!"

त्यांनी सळई फेकली आणि पातं पाण्यात बुडवलं. वाफेत आम्ही दोघं उभे. ते हसत होते, भाऊजी. आवाज न करता, खांदे हलवत. असं हसताना मी त्यांना तुम्ही गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ते पातं शिकंज्यात अडकवलं. मी म्यानाचं चामडं घेऊन दारात आले आणि तिथेच थांबले. दार तेच होतं. ते पात्याच्या शेपटीला, मूठ बसते त्या टोकाला, धरून वाकवायला लागले, हळूहळू.

"माझ्या सुऱ्या इथे मोडतात," म्हणाले. आणखी थोडं वाकवलं. आणि थांबले. सोडलं. पातं सरळ झालं, जणू काही झालंच नाही.

बराच वेळ पात्यावर हात ठेवून उभे होते. मग म्हणाले, "त्याची याच्याही पुढे गेली होती."

"कुणाची?"

"त्याची. मी वाकवत होतो आणि ती येत होती. माझी मोडली असती तिथे नाही मोडली. मग मी थांबायला हवं होतं. नाही थांबलो. तेवढी वाकवली तर कुठलीही मोडते."

"पण का?" मी विचारलं. 

"मोडायलाच हवी होती मला ती."

हे तुम्हाला कळवायला त्यांनी सांगितलेलं नाही. मी त्या रात्री त्यांच्याशी बोलले नाही. दोन वर्षं मला वाटत होतं, कठोर असतील पण खरं बोलले. घरातलं एक पोर निघून गेलं आणि वर मी त्यांची बाजू घेत बसले. आता राग नेमका कुणावर काढू? अर्धं आंधळं माणूस, भिंतीला धरून चालतंय. त्याच्यावर नीट रागावताही येत नाही.

सुरी झाली. मूठ मातीच्या गोळ्यावरून कोरली, अक्रोडाच्या लाकडाची. म्यान मी शिवलं. वाटाडीबाई आली, मूठ धरली, डोळे मिटले, आणि सुरी कमरेला लावून डोंगराकडे निघून गेली.

वहिनी


१७ जानेवारी

भाऊजी,

वाटाडीबाई परत आली. एका पायाने लंगडत होती. टेबलावर म्यान ठेवलं आणि सुरी बाहेर काढली. पातं वाकलेलं! जेमतेम, पण डोळ्यांना दिसण्याइतकं.  ह्यांना दिसलं नव्हतं, तिने त्यांचा हात धरून पात्यावर ठेवला. त्यांचं बोट वळणापाशी थांबलं.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

तिने सांगितलं, त्याच हळू आवाजात. वर धुकं होतं, सकाळी उठावं आणि स्वतःचा हात दिसू नये असं. हरणाच्या मागावर चालताना पायाखालचा बर्फ सुटला. उतारावरून घसरत खाली, जिथे उतार संपतो आणि पुढे काही नसतं तिकडे. सुरी कमरेला होती. काढली आणि गोठलेल्या मातीत खुपसली, दोन्ही हातांनी मूठ धरून लोंबकळत राहिली. पातं वाकताना मनगटात कळत होतं, म्हणाली. "वाटलं, आता मोडणार. मग वाटलं, वाकली तरी चालेल, पण थांब बाई. आणि थांबली." धुकं विरेपर्यंत तिच्याशी बोलत होती म्हणे. सुरीशी. घरचं सगळं सांगितलं तिला.

"सरळ करून देतो," हे म्हणाले.

"नको," ती म्हणाली. "हेच मला हवंय. घडवणाऱ्याला दाखवायला आणली."

ह्यांनी वळणावरून पुन्हा बोट फिरवलं. मग म्हणाले, "घडवणारा इथे नाहीये."

तिने माझ्याकडे बघितलं. 

"घाम माझा आहे," हे म्हणाले. "सुरी माझ्या धाकट्या भावाची आहे. पाठ निळी आणि धार तपकिरी ठेवायचं डोकं त्याचं. मी आयुष्यभर अख्खं पातं एकाच रंगावर थांबवत आलो."

ती गेल्यावर आम्ही बसून राहिलो. मी धीर केला. म्हटलं, "त्याला लिहू का?"

"लिहितेसच की. तुझ्या बोटांना चामड्याचा वास यायचा, हल्ली शाईचा येतो."

"मग काय लिहू? तुम्ही सांगाल ते लिहिते."

पेन घेतलं. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं. खिडकीकडे तोंड केलं. दिवस कलला तरी कागद कोराच. शेवटी उठले, भिंतीला धरून दारापर्यंत गेले आणि म्हणाले, "असलं काही लिहून होत नाही. समुद्राकडे गाडी कधी असते?"

भाऊजी, हा माणूस बाजाराच्या पलीकडे कधी गेलेला नाही. आमच्या लग्नालाही माझ्या गावी यायला कुरकुरत होता. आता ट्रंक काढायला लावलीय.

येऊ नका म्हणायचं असेल तर लवकर कळवा. पण कळवू नका.

वहिनी


६ फेब्रुवारी

भाऊजी,

हे पत्र तुमच्याच घरात बसून लिहितेय, तुमच्याच टेबलावर. सवय लागली, दुसरं काय! भिंतीपलीकडे तुम्ही दोघं भट्टीपाशी बसलाय आणि तुमचे आवाज येताहेत, शब्द नाहीत.

काल तुम्ही दार उघडलंत तेव्हाचं लिहून ठेवते, कारण तुम्हाला ते ठाऊक नसेल. दादांनी तोंड वर केलं आणि तुमच्या खांद्यापलीकडे, रस्त्याकडे बघितलं. तुमचा चेहरा आक्रसला.  वाटलं, झालं, तुम्हाला वाटणार दादा तोंडही बघत नाहीत. मग तुम्हाला माझ्या पत्रातलं काहीतरी आठवलं असावं. एक पाऊल बाजूला सरकलात. मग आणखी थोडे. त्यांच्या नजरेच्या कडेला, जिथे उजेड आहे तिथे जाऊन उभे राहिलात आणि हललाच नाहीत. तेव्हा ते म्हणाले, "वाळलास रे." गाडीत ते अख्खा रस्ता ओठांतल्या ओठांत काहीतरी घोकत होते. ते हे नव्हतं. पण हेही बरं होतं.

रात्री जेवताना त्यांनी ते घोकलेलं सांगितलं. तुम्ही ताटात बघत होतात, मी ऐकत नाही असं दाखवत होते. तुम्ही "माहीत होतं" म्हणालात. "शिकंज्यात वाकली तेव्हाच कळलं होतं मला. म्हणून गेलो. मोडली म्हणून गेलो असतो तर आठवड्यात आलो असतो."  सगळं मिटलं असं मी म्हणणार नाही. एका जेवणात मिटेल एवढं लहान नव्हतंच ते.

आणि एक जाब विचारायचाय. मला जाऊ आहे, हे कार्डावर लिहायला एक ओळ मिळाली नाही तुम्हाला? पोलादवाल्याच्या तोंडातही नेमका हाच तीळ भिजला! ती समोरच बसलीय, जाळं दुरुस्त करतेय. तिचा टाका माझ्यापेक्षा बारीक आहे, आणि गाठ मारताना ती श्वास रोखते, हे मी सकाळीच हेरलं. काल रात्री माझ्यासाठी स्वतःची उशी आणून ठेवली.

बाहेर आता शब्दही यायला लागलेत. "एवढी पातळ पाठ ठेवलीस तर मूठ सैल होईल!" हे तुमचे दादा. "तुम्हाला मुठीतलं काय कळतं?" हे तुम्ही. आवाज चढलाय. एरवी मी उठून मध्ये गेले असते. आज बसून राहते.

तुमची बायको विचारतेय, "ताई, कुणाला लिहिताय?"

"बाहेर बसलेत ना, तुझ्या नवऱ्याला."

ती हसते, हातातली जाळ्याची सुई थांबते. "मग हाक मारा की!"

खरंच की, भाऊजी. हाकेच्या अंतरावर आहात. पेन ठेवते आणि मारून बघते.